निर्मम म्हणजे नेमकं काय?

आजचं वाचन : गीता, अध्याय 2, श्लोक 71. त्यातले दोन शब्द, निर्मम आणि निरहंकार.

रविवारी सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. देवळाबाहेर माकडानं हातातला नारळ पळवला आणि मी चक्क ओरडलो, "अरे, माझा आहे तो!"

सोनारी परंडा तालुक्यातलं, म्हणून येताना परंड्याचा किल्लाही पाहिला. डोंगरी नाही, भुईकोट; खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर तोफा. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीनं काही काळ इथूनच कारभार केला. इथली मलिक-ए-मैदान तोफ 1632 मध्ये विजापूरला गेली. मनात आलं, आपली तोफ नेली! पण ती ओतली 1549 मध्ये, निजामशहासाठी. आपली कुठून? निजामशहा, आदिलशहा, मोगल, सगळे 'माझं' म्हणून गेले.

मग निर्मम म्हणजे पडू दे सगळं? तटावर चिप्सचं रिकामं पाकीट पडलेलं. 'माझं नाही' म्हणत पुढं गेलो आणि दहा पावलांवर लाज वाटली. ती निर्ममता नव्हती, निव्वळ आळस होता. श्लोक 'माझं' सोडायला सांगतो, काळजी सोडायला नाही, असं मला तरी वाटतं.

परत फिरून पाकीट उचललं. खिशात कोंबताना पहिला विचार काय आला? स्टेटसला फोटो टाकावा का!

निरहंकार अजून बराच लांब आहे.