यादीत गाणं कुठं आहे?

तुझी यादी वाचली. प्रोसेसर आहे, मदरबोर्ड आहे, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आहे, पुढून काच असलेलं कॅबिनेट आहे, रंग बदलणाऱ्या दिव्यांची पट्टीसुद्धा आहे. ऑडिओ इंटरफेस नाही. माइक नाही. हेडफोन नाहीत. यूपीएस नाही. घरी गाणी रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर बांधतोयस ना? मग आवाज आत शिरणार कुठून आणि बाहेर पडणार कुठून?

तुला कळत नाही, असं मी म्हणणार नाही. कळत नसतं तर शांतपणे समजावलं असतं. हार्मोनियमची एक पट्टी किंचित उतरली तरी ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याला आपल्या यादीत आवाजाची एकही वस्तू नाही हे दिसलं नाही? दिसलं. पण तिकडे बघायचं नव्हतं. इंटरफेस घेतला, माइक घेतला, की दुसऱ्या दिवशी गावं लागतं. ग्राफिक्स कार्डांची तुलना मात्र जन्मभर करता येते.

दिवाळीत म्हणालास, भीमजयंतीला गाणं काढतो. विषयही तूच निवडलास. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ची मनमाडची रेल्वे कामगार परिषद. बाबासाहेब याच गावात आले, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे उभे राहिले आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे तुमचे दोन शत्रू आहेत असं रोखठोक सांगितलं. केवढा विषय! आपल्या गावचा, आपल्या माणसांचा. मी खूश झालो. मग काय झालं? आधी रॅम महाग झाली. मग नवा प्रोसेसर येणार होता. मग सेल लागणार होता. चौदा एप्रिल आला आणि गेला. मिरवणुकीत दुसऱ्यांची गाणी वाजली आणि तू रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांच्या मिक्सिंगमधल्या चुका काढत होतास. लाज नाही वाटली?

बरं, इतके महिने घासलेली यादी निदान बरोबर तरी असावी. तीही नाही. बी६५० बोर्ड लिहिलायस आणि खाली डीडीआर४ रॅम. त्या बोर्डाला डीडीआर५च लागते. डीडीआर४ची कांडी त्या खाचेत बसतसुद्धा नाही. बोर्डाचं मॅन्युअल कंपनी फुकट देते, उघडलंस का? रॅमची जोडी कोणत्या दोन खाचांत घालायची, प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची वेगळी वायर कुठं लावायची, कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी कुठल्या पिनांवर, सगळं चित्रासकट असतं. व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघितलेस. मॅन्युअलचं एक पान वाचवलं नाही. दुसऱ्याला काम करताना बघणं म्हणजे आपण काम केलं, ही समजूत आधी डोक्यातून काढ.

आता ते ग्राफिक्स कार्ड. अर्धं बजेट त्याच्यात गेलंय. कशासाठी? हार्मोनियम, ढोलकी, दोन आवाज आणि कोरस मिक्स करायला ग्राफिक्स कार्डाचं काय काम? स्क्रीनवर ट्रॅक दिसायला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स भरपूर झालं. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नकोस, त्यात ग्राफिक्स नसतं. आणि तू नेमका ७५००एफ लिहिलायस. साधा ७६०० घे, त्यात आहे. इंटेलचा आय५ १२४०० घेतलास तरी चालेल, फक्त बोर्ड त्याचा वेगळा. खरं सांग, कार्ड गाण्यासाठी आहे की गेमसाठी? गेम खेळायचा असेल तर खेळ. पण घरी बाबांकडे पैसे मागताना गाण्याचं नाव घेऊ नकोस. गाण्याच्या नावावर दुसरा खर्च खपवलास तर मला ते चालणार नाही.

सोळा कोअरचा हट्टही सोड. एका ट्रॅकवर ओळीनं लावलेले इफेक्ट एकामागून एकच चालतात, पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला आवाज मिळत नाही. म्हणून एकेक कोअर किती चपळ आहे ते आधी बघायचं, संख्या नंतर. तुझ्या बारा-पंधरा ट्रॅकना सहा कोअर पुरतात. रॅम सोळा जीबी, दोन कांड्यांत. सॅम्पल लायब्ररींचं ओझं वाढलं तर बत्तीस. चार टीबीची डिस्क कुणी सांगितली? हिशोब कर ना, गणितात बरा होतास. २४ बिट, ४८,००० सॅम्पल रेटला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट साडेआठ एमबीच्या आसपास होतं. पाच मिनिटांच्या गाण्याचे वीस ट्रॅक एक जीबीच्या आत बसतात. चार टीबी भरायला किती गाणी लागतील? आणि आज तुझ्याकडे किती आहेत?

तुझी आवडती सबब आता घेतो. ‘सर, जुन्या लॅपटॉपवर लेटन्सी येते, आवाज उशिरा ऐकू येतो, म्हणून गाता येत नाही.’ ही सबब तू इतक्या वेळा सांगितलीस की तुला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. लेटन्सी येते, कारण तू विंडोजचा साधा ड्रायव्हर वापरतोस आणि लॅपटॉपच्या भोकात इअरफोन खुपसून गातोस. स्टाइनबर्ग कंपनीनं एएसआयओ ड्रायव्हरची पद्धत १९९७ मध्येच आणली. तुझ्या जन्माआधी! तो ड्रायव्हर असलेला इंटरफेस लाव. बफर १२८ सॅम्पलचा ठेव. ४८,००० रेटला तो बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा थोडा उशीर. आता हे ऐक. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. ढोलकीवाला तुझ्यापासून दहा फुटांवर बसला तर त्याची थाप तुझ्या कानाला पोचायला नऊ मिलिसेकंद लागतात. जयंतीच्या स्टेजवर तू त्याच्याबरोबर तासभर गायलास. तेव्हा नाही आली लेटन्सी?

आणि बफर कमी केल्यावर लॅपटॉप दमला, आवाज तुटायला लागला, तरी अडत नाही. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की तुझा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येतो. रेकॉर्डिंग चालू असताना वायफाय बंद कर, त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो. कुठला ड्रायव्हर त्रास देतोय ते लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम दाखवतो. हे सगळं जुन्या लॅपटॉपवर आजच होण्यासारखं आहे. म्हणजे घोडं पेंड खातंय ते लॅपटॉपमध्ये नाही.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा कर. पहिल्यांदा इंटरफेस, माइक, बंद कपांचे हेडफोन. यूएसबीचा इंटरफेस आज लॅपटॉपला लागेल, उद्या नव्या कॉम्प्युटरला लागेल, त्यातला एक रुपया वाया जाणार नाही. माइक साधा डायनॅमिक घे. महागडा कंडेन्सर तुझ्या खोलीत तुझा आवाज कमी आणि स्टेशन जास्त ऐकवेल. मनमाड जंक्शनच्या जवळ राहतोस, गाड्यांचे भोंगे दिवसरात्र येणार. ‘इथं शांतता नाही सर’ हेही सांगून झालंय तुझं. स्टेशनजवळ वाढलास, कुठली गाडी कधी सुटते ते तोंडपाठ आहे. मग दोन गाड्यांच्या मध्ये एक टेक होत नाही? खिडकी बंद कर, माइक तोंडाजवळ घे, आणि पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टाक. माइकचं तोंड तुझ्याकडे असतं, तुझ्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्याला आधी मिळतो. माइकची पाठ कॉम्प्युटरच्या पंख्यांकडे ठेव. यात महाग काय आहे? अवघड काय आहे?

एसएमपीएससाठी तू सगळ्यात कमी पैसे ठेवलेस. इथं मला खरंच राग आला. दिव्यांच्या पट्टीला पैसे आहेत आणि ज्याच्यातून सगळ्या सुट्या भागांना वीज जाते त्याला नाहीत? नाव नसलेला एसएमपीएस एक दिवस स्वतः जाईल आणि जाताना मदरबोर्ड घेऊन जाईल. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा शिक्का असलेला, साडेचारशे-साडेपाचशे वॉटचा घे. ग्राफिक्स कार्ड नसेल तर तेवढा पुष्कळ झाला. यूपीएस घे, आणि सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॉट नव्हे हे ध्यानात ठेव, असल्या यूपीएसवर तीनशेसाठच्या आसपासच मिळतात. टेक चांगला लागला आणि तेवढ्यात लाइट गेली, मग रडत माझ्याकडे येऊ नकोस.

अर्थिंगचं तर तुला दोनदा सांगितलंय. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात, रेकॉर्डिंगमध्ये हम्म असा आवाज येतो, आणि त्यावर तू केलेला उपाय काय? प्लगची अर्थची पिन काढून टाकली! तो पन्नास हर्ट्झचा आवाज म्हणजे वायरिंग तुला सांगतंय की काहीतरी चुकलंय, आणि तू सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलंस. यानं माणसं मरतात. आधी ती पिन लाव. मग वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घे. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. पाण्यासाठी वर्षानुवर्षं दिवस मोजलेलं आपलं गाव, चांगलं पाणी ओत असं मी सांगणार नाही, पण कपडे धुतलेल्या पाण्याची एक बादली त्या खड्ड्याला मिळू शकते. हे झाल्याशिवाय नव्या कॅबिनेटला हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात तू ‘क्रॅक’ लिहिलंयस. तेही निर्लज्जपणे, लाल शाईनं. उद्या तुझं भीमगीत कुणी उचललं, तुझं नाव पुसून आपलं टाकलं, तर पहिला आरडाओरडा तूच करशील ना? मग दुसऱ्याच्या मेहनतीवर हात कसा टाकवतो? रीपर घे. साठ दिवस पूर्ण चालतो, काहीही अडवत नाही, आणि घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो. तुझ्या दिव्यांच्या पट्टीत आणि काचेच्या कॅबिनेटात तेवढे पैसे आरामात निघतात. जुन्या मशीनवरही तो हलका चालतो. त्यामुळे हेही कारण संपलं.

साधनं नव्हती म्हणून कोण थांबलं, मला सांग. आपल्या नाशिक जिल्ह्यातले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरं गिरवली आणि हजारो गाणी लिहिली, गावोगाव पायपीट करून गायली. इथून तासाभरावर मालेगाव. तिथल्या पोरांनी लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, ट्रॉली नव्हती तर सायकल वापरली, क्रेन नव्हती तर बैलगाडी. गीतरामायण आठव. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि त्यानंतर वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, नवं गाणं. छप्पन्न झाली. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, गायक-वादकांना बसवायचं, आणि वेळ झाली की ते प्रसारित व्हायचं. पुढच्या आठवड्यात सेल आहे, तोवर थांबू, असं म्हणायची सोय नव्हती. बीटल्सचा १९६७चा सार्जंट पेपर्स चार ट्रॅकच्या टेप मशीनवर झाला. तुझ्या खिशातल्या मोबाइलवर त्याहून जास्त ट्रॅक मिळतात. त्यावर तू काय केलंस? कॅबिनेटांचे फोटो साठवलेस.

तुझ्यात कुवत नसती तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. मनमाडात यादी करणारे पुष्कळ आहेत, त्यांना मी काही बोलत नाही. तुझा आवाज वरच्या पट्टीतही फाटत नाही. शब्द तू तोलून वापरतोस. १९३८च्या त्या परिषदेत ज्यांचे आजे बसले होते अशी माणसं तुझ्या गल्लीत राहतात, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं होतंस. गेलास का? प्रोसेसरच्या एकेका मेगाहर्ट्झची माहिती आहे, आणि त्या घरांत काय सांगितलं जातं हे ठाऊक नाही. गाणं कशाच्या बळावर लिहिणार होतास?

रविवारी सकाळी ये. सोबत नवी यादी आण, एका पानाची, तुझ्या हातची, प्रत्येक वस्तूपुढे ती गाण्यात काय काम करणार हे लिहिलेलं. ज्या वस्तूपुढे लिहिता येणार नाही ती तूच खोड. आणि मोबाइलवर मुखडा व दोन कडवी रेकॉर्ड करून आण, हार्मोनियमवर, जशी होतील तशी. ते झालं की महिन्याअखेरीस पंचवटी एक्सप्रेसनं मी स्वतः तुझ्याबरोबर मुंबईला लॅमिंग्टन रोडला येईन, दुकानं फिरू, एकेक भाग पारखून घेऊ, आणि जोडायलाही तुझ्याशेजारी बसेन. मुखडा झाला नाही तर मी स्टेशनवरसुद्धा येणार नाही. आणि चाल अजून सुचलेली नाही असं सांगू नकोस. परवा जिना उतरताना तू ती गुणगुणत होतास. मी ऐकली आहे.