राब भाजला, बी राखलं

सिल्वासाहून खानवेलच्या वाटेला लागलं की कारखान्यांच्या भिंती मागे पडतात आणि भाताची खाचरं दिसू लागतात. दादरा-नगर हवेलीतल्या आदिवासींमध्ये सर्वांत मोठा समाज वारल्यांचा. त्यांच्या लेखी भाताच्या लोंबीत कणसरी नांदते; ती धान्याची देवी. नवं भात घरात आलं तरी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. कष्ट घरच्यांचे, पहिला घास मात्र त्यांचा नव्हे.

मग फळ कुणाचं?

शास्त्रकारांनीही कर्माच्या फळाचा प्रश्न शेताच्या भाषेतच मांडला. यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांपुढे पेच होता: यज्ञ आज संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळतो, मधल्या काळात ते कर्म राहतं कुठे? त्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची न दिसणारी शक्ती मानली. सृष्टीच्या आरंभी कुणाचंच कर्म नव्हतं, तर एक सुखात आणि दुसरा दुःखात कसा जन्मला, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. शंकराचार्यांचं उत्तर असं, की संसाराला आरंभच नाही. बी आणि अंकुर यांच्यासारखी ही साखळी अनादी आहे.

ती तोडायची कशी? योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात उपाय आहे: कर्माच्या मुळाशी असलेले मनाचे क्लेश ज्ञानाने भाजून काढायचे. भाजलेलं बी दिसायला बियासारखंच, पण मातीत पडलं तरी रुजत नाही.

भात पिकवणाऱ्याला हा उपाय कसा मानवावा? त्याची सगळी धडपड बी रुजावं म्हणून. पण भाजणं त्यालाही ठाऊक आहे. या पट्ट्यात उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, टहाळ्या, पालापाचोळा आणि गवत पसरतात, वर मातीचा थर देतात आणि राब भाजतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. मग पावसाच्या तोंडावर तिथेच भात पेरायचं आणि रोपं वाढली की उपटून खाचरात लावायची. योगी पुन्हा उगवण्याची शक्यताच जाळू पाहतो. शेतकरी तण तेवढं जाळतो आणि पुढच्या वर्षाचं बियाणं वेगळं राखतो. घरात दाणे संपत आले तरी त्या बियाण्याला हात लावायचा नसतो. म्हणजे फळाचा काही भाग खाणाऱ्याचा कधी नसतोच. फळाची आस सोडावी, हे गीतेने सांगितलं. इथे ते राखून ठेवलेल्या बियाण्याने पाळायला लावलं.

आता संकरित भाताचं बी दुकानातून येतं. ते जोमाने उगवतं, पण त्याच्या दाण्यांतून पुढच्या वर्षी तोच गुण उतरत नाही, म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. साखळी तुटली खरी, पण ज्ञानाने नव्हे, व्यवहाराने. कणसरीला नव्याचा नैवेद्य अजूनही दाखवता येईल. राखून ठेवायच्या वाट्याचं काय करायचं, हे मात्र वारल्यांच्या भगताला, म्हणजे पुजाऱ्याला, आणि भाष्यकाराला दोघांनाही नव्याने ठरवावं लागेल.