आमच्या भल्याचा भोंगा

आपलं भलं व्हावं असं कुणाला वाटत नाही? मला तर सकाळ-संध्याकाळ वाटतं. पण ते भलं करायला कुणी दारात येऊन उभं राहिलं, की मी आधी कडी नीट लागली आहे ना ते बघतो.

मध्यंतरी डेंगीच्या दिवसांत आरोग्य विभागाच्या दोन ताई आमच्याकडे आल्या. "अळ्या बघायच्यात," म्हणाल्या. न्हाणीघरातलं पिंप पाहिलं, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या, आणि मग त्यांनी फ्रिजमागचं पाणी साठायचं भांडं बघायला मागितलं. आता, त्या भांड्यापर्यंत पोचायचं तर फ्रिज पुढे ओढावा लागतो आणि आमच्या फ्रिजमागे आमच्या संसाराचा अप्रकाशित इतिहास आहे. 'एक वेळ डेंगी परवडला, पण हे लोकांना दाखवू नका' असा सौभाग्यवतींचा चेहरा झाला. अळ्या सापडल्या नाहीत. मुलाची शाळेतली कंपासपेटी सापडली. मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "अहो, परक्या माणसाला आपल्या फ्रिजमागे डोकवायचा अधिकार कुणी दिला?"

प्रश्न विचारताना हिच्या हातात झाडू होता, म्हणून मी तिथे उत्तर दिलं नाही. पण उत्तर सोपं आहे. अधिकार शेजाऱ्यानं दिला. एडिस जातीचा डास म्हणे फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर फार तर. म्हणजे माझ्या घरचा डास बरोबर आमच्या आळीला पुरतो. तो फक्त मलाच चावेल अशी लेखी हमी मी देऊ शकत नसेन, तर फ्रिज ओढणं भाग आहे.

हा हिशेब जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या साहेबानं १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात मांडून ठेवला आहे. मोठ्या माणसावर समाजानं जबरदस्ती करायची ती फक्त एका कारणासाठी: दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून. त्याचं स्वतःचं भलं हे काही कारण नव्हे. समजूत घाला, विनवण्या करा, वाद घाला, पण हात धरू नका. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी इतका भारावून गेलो होतो, की घरी येऊन वडिलांना ऐकवलं. वडिलांनी शांतपणे विचारलं, "फी कोण भरतं?"

सातारकर म्हणून मात्र माझी मिलसाहेबाशी एक जुनी तक्रार आहे. हा गृहस्थ १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता आणि एतद्देशीय संस्थानांचा पत्रव्यवहार हेच त्याच्या टेबलावरचं काम. त्याच काळात आमचे रंगो बापूजी साताऱ्याच्या छत्रपतींची कैफियत घेऊन लंडनमध्ये त्याच कंपनीचे उंबरे झिजवत होते. १८४८ साली कंपनीनं दत्तक नामंजूर करून सातारा गिळला. अकरा वर्षांनी साहेबाचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं आणि त्यात एक बारीकसं कलम होतं: हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही आणि मागासलेल्या समाजांनाही नाही. त्यांचं भलं दुसऱ्यानं केलेलं चालतं. म्हणजे आम्ही कोणत्या यादीत, ते आलं ध्यानात!

हे सगळं आठवायचं कारण मोहित्यांचं वडगाव. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. या गावानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा, मग काय ते बघा. करोनाच्या काळात पोरांची शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हा शाळेत गेली, पण मोबाईल काही पोरांच्या हातातून गेला नाही. तेव्हा दीड तास अभ्यास, वाचन किंवा एकमेकांशी बोलणं. अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त मास्तर घरोघर फिरून सांगत होते.

बातमी वाचली आणि आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत दोन तट पडले. एक म्हणाले, वा! दुसरे म्हणाले, ही हुकूमशाही आहे, उद्या म्हणतील नऊला झोपा. दुसऱ्या तटातले एक गृहस्थ घरी सुनेच्या धाकानं नऊलाच झोपतात, पण तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस पेटतो. मी कुंपणावर होतो. मुलांचं ठीक आहे, मुलांना मिलसाहेबानंही सूट दिलेली नाही. पण पोरानं पुस्तक उघडायचं आणि बापानं बाजेवर पडून रील बघायची, हे जमत नाही. पोराच्या भल्यासाठी बापाचा मोबाईल बंद होतो, आईची मालिका बंद होते. आणि मालिका बंद झाल्यावर नवरा-बायकोनं दीड तास एकमेकांशी बोलायचं! यात दुसऱ्याला इजा होत नाही असं कोण म्हणेल?

भोंग्याच्या मागे पोलीस नाही, हे खरं. पण शेजारी आहे. रात्रीच्या अंधारात टीव्हीचा निळा उजेड खिडकीतून बाहेर पडतो आणि समोरच्या ओट्यावरची म्हातारी तो बघते. पाचशे रुपये दंड भरून माणूस मोकळा होतो. अहिल्यानगरकडच्या सौंदाळा गावानं २०२४ साली शिवीला पाचशे रुपये दंड ठरवला, तेव्हा मला वाटलं, चला, दर तरी कळला. म्हातारीच्या नजरेला दर नसतो आणि पावतीही मिळत नाही. मिलसाहेबालाही सरकारच्या कायद्याइतकीच, किंबहुना जास्त, धास्ती वाटायची ती याचीच. कायदा अंगणापर्यंत येतो, चारचौघं थेट घरात येतात.

आमच्या भागाला ही नजर नवी नाही. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं खरोखरच झाडून निघाली. पुढे हागणदारीमुक्तीसाठी गुड मॉर्निंग पथकं आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचं आणि हातात गुलाबाचं फूल द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गुलाब दिला तो अशा प्रसंगी! उघड्यावरच्या घाणीनं पटकी, कावीळ, जंत सगळ्या गावाला होतात, तेव्हा पथकाची बाजू बरोबरच होती. पण ज्याच्या घरात संडास बांधायला जागाच नव्हती, त्याच्या हातातला गुलाब मला अजून टोचतो.

दारूच्या बाबतीत तर सरकारनं नजरेचं रीतसर मतदानच करून टाकलं आहे. २००८ सालच्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली, की परवान्याच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. जगात इतकी सोपी मतपत्रिका दुसरी नसेल. उमेदवाराचं चिन्हच उमेदवार! आणि इथे हिशेब गंमतीचा आहे. आलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे मुंबईला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, खुरपायला गेलेली, अंथरुणाला खिळलेली, नवऱ्यानं कडी घालून घरात ठेवलेली, आणि वारून दोन वर्षं झाली तरी यादीत जिवंत असलेली, या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या जातात. आमदार निवडून द्यायला आलेल्या मतांतली जास्त मतं पुरतात. एक दुकान बंद करायला निम्मं गाव लागतं.

मिलसाहेब दारूबंदीच्या कायद्याच्या विरुद्ध होता. पिणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र पिऊन एकदा हात उचललेल्या माणसावर खास बंधन घालायला त्याची हरकत नव्हती. वाचायला छान वाटतं. पण सह्या करणाऱ्या पंचवीस टक्क्यांत किती जणींच्या पाठीवर त्या 'ज्याच्या त्याच्या प्रश्नाचे' वळ असतील, हे मोजायला तो खेड्यात राहिला नव्हता. संध्याकाळी माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून निघून घरी पोचेपर्यंत प्रश्न त्याचा असतो. दारात पाऊल टाकलं की तो तिचा होतो. मला विचाराल तर या एका बाबतीत मी आडवा आहे. (हे वाक्य हिनं वाचून दाखवायला लावलं.)

त्याच मिलसाहेबानं एक पुलाचा दाखला दिला आहे, तो मात्र आम्हा कृष्णाकाठच्या लोकांसाठीच लिहिल्यासारखा. एखादा माणूस धोक्याच्या पुलावर पाऊल टाकतो आहे आणि त्याला सांगायला वेळ नाही, तर खुशाल धरून मागे ओढा. त्यात त्याचं स्वातंत्र्य जात नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसते. पण पडेलच असं नक्की नसेल, नुसती भीती असेल, तर त्याला सावध करा आणि बाजूला व्हा. आता नक्की किती आणि भीती किती, हे कुणी ठरवायचं? २०२५ च्या जूनमध्ये पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. सावधगिरीची पाटी तिथे होती.

सांगलीला हे 'नक्की किती' फुटांत मोजतात. १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल हा सांगलीकरांचा नुसता पूल नाही, थर्मामीटर आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणीही कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'किती आहे' विचारतात. पानवालासुद्धा कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीत किती साठलं ते सुपारी कातरता कातरता सांगतो. माझी सासुरवाडी सांगलीची. कोयना धरण आमच्या सातारा जिल्ह्यात, त्यामुळे दर पावसाळ्यात ही माझ्याकडे बघून म्हणते, "तुमचं पाणी आमच्या घरात!" मी कराडच्या संगमापर्यंतची जबाबदारी घेतो, पुढची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेची गाडी ध्वनिक्षेपक लावून मेहुण्याच्या गल्लीत आली. सुरक्षित जागी चला. मेहुणा गॅलरीतूनच हसला. फोनवर मला म्हणाला, "दाजी, यांना काय कळतंय? मी २००५ चा पूर बघितलाय. पाणी दुसऱ्या पायरीला हात लावून परत गेलं." गल्लीतल्या प्रत्येक घराची अशी एक पायरी होती आणि प्रत्येकाचा तिच्यावर देवासारखा विश्वास होता. २००५ ला पाणी चोपन्न फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ ला ते सत्तावन्नाच्या वर गेलं. तीन-साडेतीन फुटांचा फरक. ऐकायला काही नाही, पण तो फरक मेहुण्याच्या स्वयंपाकघरातून गेला. दोन दिवस वरच्या मजल्यावर काढून तो बोटीतून बाहेर आला. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बचावाची बोट उलटली आणि बायका-पोरांसह कितीतरी जण गेले. वाचवायला निघालेले हातही कमी पडतात ते असे. त्यावर विनोद होत नाही.

महिनाभरानं भेटला तेव्हा मेहुणा संतापला होता. "दाजी, नुसतं ओरडून गेले! हात धरून का नाही नेलं?"

"तू गेला असतास?"

"नसतो. म्हणून तर म्हणतोय, हात धरून!"

यावर काय बोलायचं? आधी परवानगी नाही, नंतर मात्र तक्रार, की विनापरवाना का नाही केलंत. मनापासून सांगतो, तेव्हापासून मी या प्रश्नापाशी अडून बसलो आहे. नंतर आभार मानशील, असं म्हणून हात धरायची सवय एकदा पंचायतीला, पालिकेला, सरकारला लागली, की कुठल्याही कामासाठी तेवढंच कारण पुरतं. २०२० च्या मार्चमध्ये विलगीकरणाचा शिक्का डाव्या हातावर मारत होते, तोही मतदानाच्या न पुसणाऱ्या शाईनं. त्याच हाताच्या तर्जनीवरच्या शाईनं मी सरकार नेमतो आणि मनगटाजवळच्या शाईनं सरकार मला घरात बसवतं. मधलं अंतर जेमतेम चार बोटं. आणि तरीही मेहुण्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. घर बुडालेल्या माणसाला 'तुझ्या स्वातंत्र्याचा मान राखला' असं सांगून बघा.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. मेहुणा यावेळी कुणी सांगायच्या आत ट्रंका वर चढवून, गाडीत सामान भरून तयार. सासूबाई मात्र खुर्चीत बसून. वय ऐंशीच्या पुढे. "नवऱ्याच्या घरातून मी माझ्या पायानं बाहेर पडणार नाही." मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं, मी फोनवरून समजावलं. "जावईबापू, तुम्ही साताऱ्याचे, तुम्ही मधे पडू नका," म्हणाल्या. शेवटी महापालिकेची दोन पोरं आली. त्यातला एक बिचारा अगदी अदबीनं म्हणाला, "आजी, तुमची परवानगी असेल तर उचलतो."

"परवानगी नाही," सासूबाई म्हणाल्या. "नको म्हणाले, एवढं सगळ्यांनी ऐकलंत ना? मग आता उचला. आणि ती पिशवी घ्या, औषधं आहेत त्यात. सकाळीच भरून ठेवलीये."