हात बांधल्याची नोंद

कापसाच्या पट्ट्यात ‘त्यानं औषध घेतलं’ एवढे तीन शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. इथे औषध म्हणजे फवारणीचे. चिखली असो, मेहकर असो की खामगाव, बुलढाणा जिल्ह्यात कुणालाही याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. असा माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचला की ॲट्रोपिन सुरू होते. फवारणीच्या अनेक औषधांत सेंद्रिय फॉस्फरस असतो. त्याने तोंडाला फेस येतो, छाती स्रावाने भरते, नाडी मंदावते. ॲट्रोपिन हे सारे उलट फिरवते. पण मात्रा थोडी जास्त झाली की अंग तापते, तोंडाला कोरड पडते, रुग्ण भ्रमात जातो. हवेतले काहीतरी वेचू लागतो, सलाईन उपसतो, पलंगावरून उतरायला धडपडतो. रात्री दोन वाजता सिस्टर बँडेजची पट्टी घेते आणि त्याची मनगटे पलंगाला बांधते.

सकाळी आई दारातून पाहते. “सिस्टर, माह्या लेकाले कायले बांधलं?”

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाचे बांधलेले हात शिक्षेसारखे दिसतात. बाहेर पोलीस जबाबासाठी थांबलेले असतात, त्यामुळे तो समज आणखी घट्ट होतो. सिस्टरच्या मनात शिक्षा नसते. तिला दिसत असते ती घशातली नळी. व्हेंटिलेटरची नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी फुगा फुगवलेला असतो. रुग्णाने ती तशीच ओढली तर स्वरयंत्राला इजा होते, आणि पुन्हा नळी घालेपर्यंतच्या मिनिटांत प्राण जाऊ शकतो. तसे झाले तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: तू कुठे होतीस?

ती दुसऱ्या रुग्णाजवळ होती. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हे शिकवले जाते आणि सगळे मान्यही करतात. प्रत्यक्षात एकीच्या वाट्याला दोन, तीन, कधी त्याहून जास्त रुग्ण असतात. म्हणून माझे म्हणणे असे, की अतिदक्षता विभागातल्या पुष्कळ गाठी रुग्णाच्या अवस्थेमुळे पडत नाहीत, माणसे कमी असल्यामुळे पडतात. गाठ मारणारा हात मात्र सिस्टरचा असतो, आणि निर्णयही तिच्या एकटीचा समजला जातो.

नऊ युरोपीय देशांतल्या 34 अतिदक्षता विभागांची एक पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण एक तृतीयांश रुग्ण बांधलेले आढळले. पण काही विभागांत एकही नव्हता आणि काही विभागांत सगळेच होते. आजार तर सगळीकडे तेच. जिथे दिवसपाळीला रुग्णांच्या मानाने परिचारिका कमी, तिथे बांधण्याचे प्रमाण जास्त होते. शिवाय नळी स्वतः उपसणाऱ्यांत हात बांधलेले रुग्णही बरेच असतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. भ्रमातला माणूस बांधल्यावर अधिकच झुंजतो. मनगटे सोलतात, हात सुजतात, कधी नसेवर दाब येतो.

मला याहून मोठे नुकसान वेगळेच वाटते. हातपाय झाडणे ही भ्रमातल्या रुग्णाची भाषा असते. ॲट्रोपिन जास्त झाले असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, लघवी तुंबली असेल, नळीत कफ अडकला असेल, रोजची दारू अचानक बंद झाल्याचा त्रास असेल. जाणती परिचारिका आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाहते, अंगाला हात लावते, ओटीपोट चाचपते, ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघते. अनेकदा मात्रा कमी केली किंवा मूत्रनलिका मोकळी केली की हात आपोआप शांत होतात. आधीच बांधून टाकले तर हे सगळे विचारायचे राहून जाते. झोपेचे इंजेक्शन वाढवणे हाही बांधण्याचाच एक प्रकार आहे. त्याने व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढू शकतात.

बांधूच नये, असे मी म्हणत नाही. दुसरा उपाय उरला नाही तर बांधावे: पट्टी आणि मनगट यांत दोन बोटे जातील इतके सैल, एका ओढीत सुटेल अशा गाठीने, कठड्याला न बांधता पलंगाच्या चौकटीला, आणि पुन्हा पुन्हा सोडून पाहावे.

माणसाला बांधणे फक्त दवाखान्यात घडत नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळ, सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनाच्या आजाराने ग्रासलेल्यांना नातेवाईक लांबलांबून तिथे घेऊन येतात, आणि साखळीने बांधलेल्या माणसांच्या बातम्या तिथून वर्षानुवर्षे येत राहिल्या. तमिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांत अडकलेली माणसे पळू शकली नाहीत; 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर सरळ बंदी घातली. त्याच कायद्याचे 97 वे कलम सांगते, की मनोरुग्णाला तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच बांधावे, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने बांधावे, कारण आणि कालावधी लगेच नोंदवावा, रुग्णाच्या प्रतिनिधीला 24 तासांच्या आत कळवावे. शिक्षा म्हणून बांधू नये, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधू नये.

हे शेवटचे वाक्य अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर लावावे असे मला वाटते. पण हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांपुरता आहे. विष उतरत असताना भ्रमात गेलेल्या शेतकऱ्याला त्यातले काहीच आपोआप मिळत नाही. त्याच्या कागदावर बहुधा ‘रुग्ण अस्वस्थ’ एवढेच असते, आणि डॉक्टरांची ऑर्डर तोंडी.

बांधलेल्याला सोडतो कोण, याचा एक जुना दाखला आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातल्या वेड्यांच्या साखळ्या तोडण्याचे श्रेय डॉक्टर फिलिप पिनेल यांना दिले जाते. प्रत्यक्षात त्या 1797 मध्ये काढल्या तिथला देखरेखीचा माणूस झाँ-बाप्तिस्त प्युसाँ याने. पिनेल तोवर दुसरीकडे गेले होते. रात्रंदिवस रुग्णाजवळ असणाऱ्यालाच कळते की कोणाला सोडता येईल. पण प्युसाँच्या हाती अधिकार होता. आपल्या सिस्टरच्या हाती जबाबदारी आहे, अधिकार नाही.

बुलढाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे सवयी अजून घट्ट झालेल्या नाहीत. माझी विनंती तिथल्या अधिष्ठात्यांना आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या प्रमुखाला आहे. रुग्णाच्या तक्त्यावर एक रकाना वाढवा: कोणी बांधले, का बांधले, आधी काय करून पाहिले, केव्हा सोडले, आणि त्या पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या. त्याखाली डॉक्टरांची सही घ्या. आणि त्या आईला दारात उभे ठेवू नका. हात धुऊन, गाऊन घालून तिला आत बसू द्या. लेकाचा हात तिने धरला, तर त्या पाळीपुरती तरी पट्टी लागणार नाही.