कामणची स्थानपोथी

रिद्धपुरात गोविंदप्रभू दिवसभर काय करायचे, हे आमच्या महानुभाव पंथाने लिहून ठेवलं आहे. कुणाच्याही घरात शिरायचे, मडक्यात हात घालायचे, मनाला येईल ते खायचे, रुसायचे, आपल्याशीच बोलायचे, पोरांत पोर होऊन खेळायचे. गावातले काही त्यांना वेडा म्हणायचे, काही माय आणि बाप दोन्ही मानायचे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात हे सगळं गोळा केलं. त्यात चमत्कारही आहेत, पण खरं सांगायचं तर मला त्यांचं फारसं कौतुक नाही. आज या आळीत गेले, तिथे बसले, हसले, परत आले, एवढीच जी प्रकरणं आहेत ती मला आवडतात. लहानपणी आजी वाचायची तेव्हा मी विचारायची, याला पोथी काहून म्हणायचं? आता चार वर्षांच्या लेकीला घेऊन वसईजवळच्या कामणच्या रस्त्याने हिंडते, तेव्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. रोजच्या हिंडण्यात असं काय असतं की ते जपून ठेवावं, आणि जिथे ते घडलं त्या जागेपुढे कुणी वाकावं?

माझं माहेर मोर्शी तालुक्यातलं, महानुभाव. घरात पंचकृष्णांशिवाय, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांशिवाय, कुणापुढे हात जोडायची रीत नाही. कुणी भेटलं की ‘दंडवत प्रणाम’. सासर कामणचं, आगरी. नोकरीच्या निमित्ताने नालासोपाऱ्यात राहत होते, तिथे लग्न आमचं आम्ही जमवलं. नवरा इथल्याच एका गोडाऊनात मालाचा हिशेब बघतो. सासूबाईंच्या देवांची यादी मात्र लांब आहे. गावदेवी, विरारची जीवदानी, जूचंद्रची चंडिका, वज्रेश्वरी, तुंगारेश्वर. रिक्षा कुठल्याही देवळासमोरून गेली की त्यांचा हात कपाळाला जातो, बोलणं मध्ये तुटत नाही. लेक आमच्या दोघींच्या मध्ये बसलेली असते आणि आळीपाळीने दोघींकडे बघते.

माझ्या आणि लेकीच्या सहली म्हणजे काय, तर संध्याकाळी कामण रोड स्टेशन. वसई–दिवा मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, त्यामुळे फलाट बहुतेक वेळ मोकळा असतो. मालगाड्या मात्र येतच राहतात. कंटेनरची गाडी आली की पोर डबे मोजायला लागते, विसाच्या आसपास आकडे संपतात, मग पुन्हा एकपासून. एकदा शेवटच्या डब्यातल्या गार्डने तिच्याकडे बघून हिरवा झेंडा जरा जास्तच हलवला. झालं. फलाटावर ज्या खांबाजवळ ती उभी होती, तिथे गेल्यावर गाडी असो वा नसो, ती थांबते आणि हात हलवते. मी एकदा म्हटलं, अगं, गाडी कुठे आहे? ती म्हणाली, “तो इथे आला होता ना.”

माझ्या माहेरचं अख्खं स्थानवंदन या एका वाक्यात बसतं.

आमच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ वेगवेगळे आणि अनादी मानले आहेत. देवता आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. तो परमेश्वरच देतो, आणि त्यासाठी तो माणसाचं शरीर घेऊन येतो. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी असेच आले, महाराष्ट्रभर पायी फिरले आणि निघून गेले. मागे राहिलेल्यांकडे उरलं काय? त्यांचं नाव, रूप, लीळा, त्यांनी हाताळलेल्या वस्तू आणि ते जिथे बसले, जेवले, निजले त्या जागा. चौदाव्या शतकात या जागांचीच एक पोथी झाली, ‘स्थानपोथी’. कुठल्या गावात, देवळाच्या कुठल्या दिशेला, दारापासून कुठे स्वामींचं आसन झालं, असं सगळं तिच्यात कोरडेपणाने सांगितलेलं आहे. पुढे त्या जागांवर ओटे बांधले गेले. आम्ही त्या ओट्यांवर डोकं टेकतो. ओटा देव नाही. तिथे काहीतरी घडलं होतं, एवढंच तो सांगतो.

सासूबाईंना हे पटत नाही. जूचंद्र आमच्यापासून एक स्टेशन. तिथल्या रांगोळ्या सगळ्या मुलखात नावाजलेल्या, आणि डोंगरावर चंडिकेचं देऊळ. आम्ही तिघी गेलो होतो. त्या दिवशी माझी पाळी चालू होती, म्हणून मी पायऱ्यांच्या खाली थांबले. ती सासरची रीत, आणि सणाच्या दिवशी पायरीवर उभं राहून वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरी आल्यावर मात्र मी सांगितलं, की स्वामींनी विटाळ मानला नव्हता, शरीराच्या नऊ दारांतून जसं एकेक वाहतं तसंच हेही, असं त्यांनी बायकांना समजावलं होतं. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाप्या मानसानं सांगितलं हे? सातशे वर्षांआधी?” आणि लगेच दुसऱ्या बाजूने आल्या: “पन तुझा देव तर गेला म्हनतंस. मंग त्या दगराला कनाला डोकं टेकतंस? आमची देवी तिथं हाय, म्हनून आमी जातो.”

प्रश्न नेमका आहे. त्यांच्या जगात जागा पवित्र असते ती तिथे कुणीतरी राहतं म्हणून. इथल्या वारल्यांचा वाघोबा असाच. तुंगारेश्वरच्या रानात बिबट्या आजही आहे, आणि ज्याच्या रानात राहायचं त्याला ओळख द्यायची, मान द्यायचा, हा व्यवहार मला कळतो. वज्रेश्वरीची गोष्ट आणखी वेगळी. वसईचा किल्ला मिळू दे, देऊळ बांधीन, असा चिमाजीअप्पांचा नवस सांगतात. 1739 मध्ये किल्ला मिळाला आणि देऊळ उभं राहिलं. तिथे शब्द दिला गेला आणि पाळला गेला. आमचं स्थान यांतलं काहीच नाही. तिथे कुणी राहत नाही, कुणी काही मागत नाही. जो होता तो गेला, हे कबूल करूनच आम्ही वाकतो. सासूबाईंना यात काहीतरी उदास वाटतं. मला वाटतं, देवाबद्दल बोलण्याची ही सगळ्यांत प्रामाणिक तऱ्हा आहे.

आणि ही काही एकट्या महानुभावांची रीत नाही. लेकीला घेऊन मी सोपाऱ्याच्या स्तूपावर गेले होते. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदलं तेव्हा दगडी पेटीत करंडा सापडला, आणि त्यात इतर मौल्यवान वस्तूंबरोबर मातीच्या भांड्याचे काही तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असं इंद्रजींना वाटलं. सोन्याची फुलं सोबत ठेवून खापरं जपली होती. मी हे सोपं करून सांगितलं तर पोरगी म्हणाली, “भांडं फुटलं की फेकतात ना?” फेकतात. कुणाचं भांडं होतं हे माहीत असलं तर नाही फेकत. तिने ते ऐकून घेतलं आणि स्तूपाभोवती पळायला गेली. तिला तिथलं सगळ्यांत आवडलं ते गवत.

आता खरी अडचण. लेक फलाटावरच्या खांबाला हात हलवते, ते ठीक. ती लहान आहे. पण मीही तिच्या जागा लक्षात ठेवायला लागले आहे. चिंचोटी–भिवंडी रस्त्यावर ट्रेलर, धूळ आणि खड्डे यांतून वाट काढताना एका मोरीजवळ तिची चप्पल वाहून गेली, ती जागा. पाड्यावरची बाई पहिल्या पावसात शेवळाच्या जुड्या घेऊन बसते आणि सोबत आंबट काकडं ठेवते, तिथे पोरीने एक काकड तोंडात घालून डोळे गच्च मिटले, ती जागा. कामणदुर्ग ढगात गेलेला बघून “डोंगर कुणी नेला?” असं जिथे विचारलं, ती. माझ्या डोक्यात कामणची एक स्थानपोथी तयार होते आहे, आणि तिच्यातली देवता साडेतीन फुटांची आहे.

माझ्या माहेरच्या गावातल्या आश्रमातल्या एका बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते हसले, पण सोडलं नाही. म्हणाले, जीवाने जीवाचं स्मरण करणं म्हणजे बंधन. परमेश्वराचं स्मरण सोडवतं, हे बांधतं. बरोबरच आहे त्यांचं. स्वामींनी अनुयायांना घरदार, गाव, नाती सोडून एकट्याने हिंडायला सांगितलं. आईपणाला त्या वाटेवर सूट नाही. मला यातून पळवाट काढायची नाही. ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ छापाची वाक्यं मला सहन होत नाहीत. माझी लेक हट्टी आहे, खोटं बोलते, शेजारच्या पोराला चावते. तिला परमेश्वराच्या जागी बसवलं, तर परमेश्वराचाही अपमान होईल आणि तिच्यावरही नसतं ओझं पडेल.

तरी बाबांच्या उत्तरात माझ्या मते एक गोष्ट सुटते. स्मरण करायला माणूस शिकतो कुठे? स्वामींच्या लीळांचा ग्रंथ, लीळाचरित्र, झाला कसा ते बघा. स्वामी गेल्यावर म्हाइंभट ज्याने ज्याने काही पाहिलं होतं त्याला गाठत फिरले, विचारून विचारून लीळा जमवल्या, आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी बसून लिहिल्या. मूळ पोथी खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या पाठावरून ती पुन्हा उभी केली, त्यात हिराइसा नावाच्या बाईचा पाठ मोठा मानतात. या माणसांनी मोठमोठे सिद्धांत नाही जपले, म्हणजे तेही जपले, पण त्याआधी काय खाल्लं, कुठल्या बाजूला बसले, कोण काय बोललं, हे जपलं. आणि स्वामींची स्वतःची सुरुवातही अशाच क्षुल्लक गोष्टीतून झाली. गुजरातेतून रामटेकला निघालेला तो तरुण रिद्धपुरात गोविंदप्रभूंना भेटला, तेव्हा त्याला मिळाला तो प्रसाद म्हणजे त्यांच्या तोंडचं उष्टं शेंगुळं. पोराचं उष्टं खाणं हे प्रत्येक आईचं रोजचं जेवण आहे, आणि त्यातून कुणाला ज्ञान झाल्याचं ऐकलेलं नाही. पण उष्टं कुणाचं आहे यावर सगळं ठरतं, ही समज मला जेवणाच्या ताटावर आली, पोथीतून नाही.

फरकही सांगितला पाहिजे. चार वर्षांच्या आतलं माणसाला जवळजवळ काहीच आठवत नाही. ती चप्पल, तो गार्ड, ते काकड, मोठी झाल्यावर तिला यातलं काही आठवण्याची शक्यता कमी आहे. परमेश्वराच्या लीळा भक्तांनी विसरल्या असत्या तरी परमेश्वराचं काही बिघडलं नसतं. इथे मात्र जिच्या लीळा आहेत तीच त्या विसरणार. ठेवणारी मी एकटी. आणि जागाही टिकत नाहीत. ज्या जांभळाखाली आम्ही बसायचो, तिथे आता गाळ्याची भिंत आहे. लेकीने विचारलं, आपली जागा कुठे गेली? मी तिला दाखवलं: पाण्याच्या टाकीपासून स्टेशनच्या बाजूला, भिंतीच्या दुसऱ्या खांबाच्या आत. दिशा आणि अंतर. स्थानपोथी लिहिणाऱ्यांनी एवढ्या कोरड्या मोजमापांची काळजी का घेतली, हे मला त्या भिंतीपाशी कळलं.

म्हणून माझा निवाडा असा. मी जे करते ते मोह आहे, भक्ती नाही, आणि त्याला मी भक्ती म्हणणार नाही. मी या जागा लक्षात ठेवते, त्यांच्यापुढे वाकत नाही. वाकायचं ते एकाच ठिकाणी. पण ज्याला कुठल्याच जीवाचं रोजचं वागणं बारकाईने बघता आलं नाही, तो गोविंदप्रभूंच्या मागे रिद्धपूरच्या आळीत दोन पावलंही चालू शकला नसता. त्याने म्हटलं असतं, वेडा आहे, आणि तो आपल्या कामाला गेला असता. बाबांना मी हेही सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पोरीला आण एकदा, म्हणाले.

या हिवाळ्यात जातो आहोत. सासूबाईंनीही यायचं ठरवलं आहे. देव तिथे असो की गेलेला असो, जागा दाखव, मी पाया पडते, असं त्या म्हणाल्या, आणि लेकीने आपणही पडणार असं जाहीर केलं. कामण रोडहून दिवा, दिव्याहून कल्याण, आणि कल्याणहून अमरावतीची रात्रीची गाडी. तिकिटं झाली आहेत.