‘अहंकार सोड’ हे कुणी कुणाला म्हणायचं?

मागच्या भाऊबीजेला आईने मामाकडे जायला नकार दिला. वर्षभरापूर्वी तिथे चारचौघांत तिचा पाणउतारा झाला होता आणि नंतर कुणी साधा फोनही केला नव्हता. मी तेव्हा रोज रात्री ध्यानाचे व्हिडिओ बघायचो. ‘हायर सेल्फ’, ‘इगो’ हे शब्द तोंडात बसले होते. मी तिला अगदी शांतपणे म्हणालो, “आई, हा तुझा अहंकार बोलतोय. सोडून दे.”

ती काही बोलली नाही. पोळ्या लाटत राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

ती शिकवण खोटी नाही. नाव, मार्क, पगार, फॉलोअर्स यांच्या गाठोड्याला आपण ‘मी’ म्हणतो. अध्यात्म सांगतं, या ‘मी’च्या मागे एक साक्षी आहे. राग आला की ‘राग आलाय’ हे ज्याला दिसतं, तो. आजोबांच्या अस्थी रामकुंडात सोडताना क्षणभर मला तो जाणवला होता. तिथे कुणाशी तुलना नव्हती, म्हणून कुणावर राग नव्हता.

पण रामकुंडापासून थोडं चालत गेलं की काळाराम मंदिर लागतं. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते. रामनवमीला दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं. तो शब्द मोडला गेला, दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी लढा पुढे काही वर्षं चालवला. दरवाजे उघडले नाहीत.

आत उभे असलेले लोक ‘सर्वांत एकच आत्मा’ मानणाऱ्या परंपरेतले होते. त्यांच्यापैकी कुणी बाहेरच्यांना म्हणालं असतं, “देव तर अंतरात आहे, देवळाचा हट्ट कशाला? अहंकार सोडा,” तर? एरवी हे वाक्य एखाद्या संताला शोभलं असतं. दाराच्या आतून म्हटलं की तेच वाक्य कुलूप होतं.

बाबासाहेबांना आत्मा मान्य नव्हता. 1935 साली येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी अनात्म शिकवणारा बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा त्यांना ‘हायर सेल्फ’च्या बाजूने उभं करणं अप्रामाणिक ठरेल. पण कायमचा ‘मी’ न मानणाऱ्या या माणसाने माणसाची प्रतिष्ठा मात्र कधी सोडली नाही. अहंकार आणि स्वाभिमान वेगळे आहेत, ते इथे दिसतं. अहंकाराला दुसऱ्याच्या वर बसायचं असतं. स्वाभिमानाला बरोबरीने बसायचं असतं. सत्याग्रहींना कुणाला बाहेर काढायचं नव्हतं, त्यांना फक्त आत यायचं होतं.

आईलाही मामाच्या वर बसायचं नव्हतं. कुणीतरी ‘चुकलं’ म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी ते ऐकलंच नाही; माझं ज्ञान तिच्यावर ठेवून मोकळा झालो.

आता मी एक पथ्य पाळतो. ‘अहंकार सोड’ हे वाक्य फक्त स्वतःला म्हणायचं. दुसऱ्याला म्हणावंसं वाटलं, तर आधी बघायचं: त्याने तो सोडला की सोय कुणाची होणार आहे?

आईची माफी मागायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला कोण अडवत होतं, हे मला पक्कं माहीत आहे.