जिभेखाली पाहताना

जरा निवांत बसा. अमेरिकेतल्या तुरुंगात गोळ्या वाटणाऱ्या प्रॅक्टिकल नर्सचं काम आज सावकाश मनात आणू. तिचं शिक्षण साधारण वर्षभराचं, मग परीक्षा आणि परवाना. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. रोगाचं निदान तिनं करायचं नसतं. पाहायचं, नोंदवायचं आणि रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरच्या कानावर घालायचं.

आता गोळ्यांची गाडी आणि तिच्यापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. नाव, क्रमांक, फोटो जुळवून होतो. एका इवल्या कपात गोळी, दुसऱ्यात पाणी. कैदी गिळतो. मग ती सांगते, आ करा, जीभ वर घ्या, गाल बोटानं ताणा. गोळी कुठं दडवली तर नाही ना?

इथं थोडं थांबा. ही नजर संशयाची आहे, ते नाकारायला नको. दडवलेली गोळी विकली जाते, जीव द्यायला साठवली जाते, कधी एखाद्या दांडग्याच्या धाकानं त्याच्या हवाली करावी लागते. तेव्हा या संशयातही त्या माणसाची राखण आहे. पण नुसत्या संशयाला गोळीच तेवढी दिसते. त्याच उघड्या तोंडात हिरडीला आलेलं गळू असतं, कोरडी पडलेली जीभ असते. कप धरलेला हात कापत असतो. नवीनच आत आलेल्या, रोज पिणाऱ्या माणसाचा तो हात असेल, तर दारू एकाएकी तुटल्यामुळे त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते तिला दिसायला हवं. रांग लांब असली तरी.

या कैद्यानं काय गुन्हा केला असेल, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, दडपू नका. फक्त एवढं स्वतःला विचारा: उत्तर कळल्यानं याच्या इन्सुलिनचा डोस बदलणार आहे का?

1973 मध्ये टेक्सासच्या तुरुंगात ट्रक उतरवताना गॅम्बल नावाच्या कैद्यावर कापसाची गासडी पडली. पाठ धरली. त्यानं हातानं तक्रार लिहून कोर्टात धाडली. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेच्या आठव्या दुरुस्तीचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्ये सांगितलं. अमेरिकेतल्या कैद्यांचा उपचाराचा हक्क या निकालावर उभा आहे. डॉक्टरविरुद्धचा दावा मात्र गॅम्बल हरला, कारण त्याला 17 वेळा तपासलं होतं.

त्या 17 वेळांवर मन थोडं रेंगाळू द्या. तपासणी होत गेली, आणि दुखणं कायम असल्याचं तो सांगत राहिला.

तुम्हाला-मला एक डॉक्टर पटला नाही, तर दुसरा गाठता येतो. कैद्याला ती सोय नाही. गोळ्यांच्या गाडीमागं जी उभी असेल, तिलाच त्यानं सांगायचं.